दर्याचे पंचांग आणि ग्रामसभेच्या तारखा

१५ ऑगस्ट २०२४ रोजी मी गावी होतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील समुद्रकाठच्या आमच्या गावात शाळेसमोर झेंडावंदन झाले, मुलांना खाऊ वाटला गेला आणि दहा वाजता ग्रामपंचायतीच्या सभागृहात ग्रामसभा सुरू होईल असे सरपंचांनी जाहीर केले. गावात मतदार चौदाशेच्या आसपास. साडेदहा वाजता सभागृहात मी मोजली ती माणसे अडतीस, आणि त्यांत अंगणवाडी सेविका, आशाताई, शिपाई, पाणीपुरवठ्याचा कर्मचारी अशी कर्तव्य म्हणून आलेली मंडळीही धरलेली. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असावे लागतात. म्हणजे आमच्या गावाला शंभर. अर्धा तास वाट पाहून ग्रामसेवकांनी (शासनाने त्यांचे पदनाम बदलून ग्रामपंचायत अधिकारी केले आहे, गावात अजूनही ग्रामसेवकच म्हणतात) सभा तहकूब झाल्याची नोंद केली. कोणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते, हे सर्वांना ठाऊक असते. तिला वीस-पंचवीस माणसे येतात, विषय वाचले जातात, माना डोलतात आणि गावाने ठराव केला असे इतिवृत्तात लिहिले जाते.

हे सारे आपल्या वाचकांना नवे नाही. पण त्या दिवशी सभागृहातून बाहेर पडल्यावर जे घडले, त्याने मला गेली दोन वर्षे स्वस्थ बसू दिलेले नाही.

किनाऱ्याच्या वाडीतील साठीच्या एक वहिनी डोक्यावर मासळीची टोपली घेऊन बाजाराहून परतत होत्या. मी पत्रकार आहे हे त्यांना माहीत. त्या थांबल्या आणि समुद्राकडे हात करून म्हणाल्या, ‘‘भाऊ, तो बंधारो बघलास? ठराव झालो तेव्हा आमी दर्यात होतंव. कागदार आमची सही खंय आसा, ता माका दाखव.’’

त्यांचा रोख होता तो नव्याने बांधलेल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याकडे. आमच्याकडे दर पावसाळ्यात समुद्र थोडी थोडी जमीन खातो. माडांची मुळे उघडी पडतात, एखादे वर्ष वाईट गेले की दहा-बारा माड आडवे होतात. म्हणून दोनअडीचशे मीटर लांबीचा दगडी बंधारा मंजूर झाला आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो बांधूनही झाला. काम वाईट नाही. परंतु तो बांधताना होड्या वर ओढण्यासाठी मधे वाट सोडलेली नाही. पूर्वी पावसाळा तोंडावर आला की वाडीतील माणसे होड्या ओढून माडांच्या सावलीत आणून ठेवत. आता त्या दूरच्या टोकाला वळसा घालून न्याव्या लागतात. रापणीची तर याहून अडचण. रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळात सोडलेले लांबच लांब जाळे. त्याची दोन टोके किनाऱ्यावरून चाळीस-पन्नास माणसे एकाच वेळी ओढतात. त्यांना मागे सरकायला मोकळी पुळण लागते. भरतीच्या वेळी बंधारा आणि पाणी यांच्यामध्ये आता पुळणच उरत नाही.

मी ग्रामपंचायतीत जाऊन जुने इतिवृत्त पाहिले. बंधाऱ्याला ग्रामसभेची हरकत नाही, असा ठराव २ ऑक्टोबर २०२२ च्या सभेतील विषयावर तहकूब सभेत झालेला होता. उपस्थिती तेवीस. किनाऱ्याच्या वाडीतील एकही नाव नाही. आणि अनुमोदक म्हणून ज्यांचे नाव होते, ते माझे सख्खे चुलतभाऊ. आमची सामाईक माडाची बाग त्या बंधाऱ्याच्या बरोबर मागे आहे. बाग वाचावी असे भावाला वाटले, त्यात त्याची चूक ती काय? तो सभेला गेला, त्याने विषय ऐकला, हात वर केला. नागरिक म्हणून त्याने आपले काम केले. होडीसाठी वाट ठेवा, हे सांगणारे कोणी तिथे असते तर त्यानेच त्यालाही अनुमोदन दिले असते, असे तो मला म्हणाला आणि ते खरे आहे.

मग किनाऱ्यावरची माणसे सभेला का आली नाहीत? ‘लोकांना आस्था नाही’ हे उत्तर तालुक्याच्या कार्यालयापासून मुंबईच्या दिवाणखान्यापर्यंत सर्वत्र तयार असते. मलाही ते पुष्कळ वर्षे पटत आले होते. परंतु आपण एकदा दिनदर्शिका समोर ठेवून पाहावी. ग्रामसभेचे रूढ दिवस चार : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. हे राष्ट्रीय महत्त्वाचे दिवस आहेत, त्या दिवशी सुट्टी असते, म्हणून ते निवडले गेले. नोकरदाराची सुट्टी! दर्याला २ ऑक्टोबरची सुट्टी नसते. गेली अनेक वर्षे आपल्या राज्यात यांत्रिक नौकांना साधारणतः १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंदी असते. ऑगस्ट उजाडला, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला, की होड्या बाहेर पडतात. १५ ऑगस्ट म्हणजे हंगामाचा पहिला उत्साह, २ ऑक्टोबर म्हणजे हंगामाचा भर, २६ जानेवारीलाही जाळी पाण्यातच आणि १ मेला बंदीपूर्वीची शेवटची धावपळ, शिवाय सुकी मासळी वाळवून भरून ठेवण्याची घाई. ज्या दोन महिन्यांत किनाऱ्यावरचा पुरुष हमखास घरी सापडतो, त्या जून-जुलैत या चारांपैकी एकही ग्रामसभा नाही.

यात कोणाचा कट नाही. ज्यांनी तारखा ठरवल्या त्यांच्या डोळ्यांसमोर देशावरचे गाव असावे. पण कायद्याने हात बांधलेले आहेत असेही नाही. चार सभा ही किमान संख्या आहे. याहून अधिक, विशेष ग्रामसभा बोलावण्यास कोणी मनाई केलेली नाही. मनाई नाही आणि सक्तीही नाही, अशा ठिकाणी आपल्याकडे सहसा काहीच घडत नाही.

बायकांच्या सभेचीही तीच कथा. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, अशी तरतूद महाराष्ट्राने २००३ सालीच केली. २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्यातही रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे स्त्रियांचे जिल्हे. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत १,१२२ आणि सिंधुदुर्गात १,०३६ स्त्रिया होत्या, कारण कर्ते पुरुष मुंबईत. म्हणजे घर, बाग, गोठा, कज्जा आणि कर्ज सांभाळणारी बाईच. आमच्या गावातील महिला सभा सकाळी अकराला अंगणवाडीत भरते. सकाळी अकराला मासळी विकणारी बाई कुठे असते, हे गावातील शेंबडे पोरही सांगेल.

आता ‘आस्था नाही’ या आरोपाकडे वळू. मालवण तालुक्यातील आचरे गावाची गावपळण प्रसिद्ध आहे. श्री देव रामेश्वराचा कौल झाला, की अवघे गाव गुरेढोरे, कोंबड्या-कुत्री यांच्यासह तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहुट्या ठोकून राहते. हजारोंच्या वस्तीचे गाव काही तासांत रिकामे होते आणि जातीधर्माचा भेद न करता होते. त्यासाठी नोटीस लागत नाही, पोलीस लागत नाहीत. शिमग्याला पालखी कोणाच्या घरी कितव्या दिवशी येणार, खांदा कोणाचा, नारळ कोणाचा, हे ठरवायला मध्यरात्रीपर्यंत बैठका चालतात आणि शंभर माणसे उभी राहून ऐकतात. रापणीच्या वाट्यात, जाळे ओढायला हात लावलेल्या पोरालाही त्याचे मासे मिळतात. तो हिशोब वहीशिवाय चुकत नाही. अशा माणसांना सार्वजनिक कामात आस्था नाही, असे म्हणणे हा निव्वळ आळस आहे. त्यांची आस्था आहे, पण ती देवळाच्या सभामंडपात आहे, ग्रामपंचायतीच्या सभागृहात नाही. हा फरक कशाने पडला, हा खरा प्रश्न.

माझ्या मते त्याचे एक मूळ इतिहासात आहे. देशावरच्या गावांत गोतसभा भरत, महजर होत, पाटील-कुळकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत साक्षीला बसत. दक्षिण कोकणातही गावऱ्हाटी होती, बारा-पाचाचे मानकरी होते. परंतु जमीन आणि महसूल यांच्या बाबतीत अखेरचा शब्द बहुतेक ठिकाणी खोताचा. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले, चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे संप चालवला. तरी खोती कायद्याने संपायला १९४९ साल उजाडावे लागले. कर कोणी, किती, कशासाठी भरायचा हे ठरवण्याचा हक्क आपला आहे, ही भावनाच या मातीत उशिरा आली. देव सर्वांचा, पण कागद मात्र वरून येणारा, असा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या झाला.

आणि गावऱ्हाटीचे गोडवे गाताना एक विसरता कामा नये. तिथे मान जन्माने ठरतो. कोणी कुठे उभे राहायचे हे आधीच ठरलेले असते आणि कित्येकांच्या वाट्याला मंडपाबाहेरची जागा आलेली आहे. समरसतेची भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला जे स्थान दिले, त्यात मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती समान आहे. मासळीची टोपली घेऊन आलेली बाई आणि बागायतदार यांचे मत एकाच वजनाचे. अकराव्या परिशिष्टातील २९ विषयांत मत्स्यव्यवसाय हा पाचवा विषय आहे. हे सामर्थ्य सभामंडपाला नाही.

दुसरे मूळ आपल्या चाकरमानी वर्गाजवळ येते, आणि त्याबद्दल लिहिताना मला आरशात पाहावे लागते. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आणि सिंधुदुर्गाची ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर उतरली. गेलेली माणसे मुंबई, ठाणे, डोंबिवली, विरार येथे आहेत. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात ती येतात. १ मेच्या ग्रामसभेच्या दिवशी गावात जितकी सुशिक्षित, वाचणारी-लिहिणारी माणसे असतात तितकी वर्षात क्वचितच असतात. पण त्यांची नावे शहराच्या मतदारयादीत, म्हणून त्यांना सभेत मत नाही. हे योग्यच आहे. एका माणसाची दोन गावे असू शकतात, मते दोन असू शकत नाहीत. मात्र आपण मत नसतानाही गाव चालवतो. देवळाच्या जीर्णोद्धाराला मंडळाची वर्गणी जाते, कमानीवर नाव कोरले जाते, घरासमोरची पाखाडी सिमेंटची व्हावी म्हणून फोन जातो. आमच्या मुंबईच्या मंडळाच्या बैठकीला मी पंचवीस वर्षे जातो आहे. तिथे कमानीच्या रंगावर दोन तास चर्चा झालेली मला आठवते. ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा मात्र आम्ही कोणी एकदाही वाचलेला नव्हता. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीपैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेली होती, उरलेली ४० टक्के गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायची होती. आमच्या गावची गरज काय, हे तेवीस माणसांनी ठरवले.

बरे, हे केवळ गावपातळीवरचे औदासीन्य आहे काय? मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात निवडणुका अडकल्या, प्रशासक बसले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यानंतर कुठे चक्र फिरले आणि त्या डिसेंबरात नगरपरिषदांचे मतदान झाले. साडेतीन वर्षांहून अधिक काळ कोकणच्या जिल्हा परिषदांत एकही लोकनियुक्त सदस्य नव्हता. रस्ता, शाळा, आरोग्यकेंद्र यांचा कारभार अधिकाऱ्यांच्या सहीने चालला. यासाठी कोणत्या गावाने मोर्चा काढला? कोणत्या मंडळाने ठराव केला? मी तरी पाहिला नाही, आणि मीही या विषयावर तेव्हा एक ओळ लिहिली नाही, हे येथे नोंदवतो. ज्याचे नसणे जाणवत नाही, त्याचे असणे आपण कधी वापरलेच नव्हते, असाच याचा अर्थ.

उलट, प्रकल्प आला की कोकण पेटते. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरुद्ध ग्रामसभांचे ठराव झाले आणि २०१९ च्या मार्चमध्ये तेथील भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. एप्रिल २०२३ मध्ये बारसूला माती परीक्षणाच्या वेळी काय झाले तेही सर्वांनी पाहिले. प्रकल्प हवा की नको, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. माझे स्वतःचे मत देशाच्या ऊर्जेच्या गरजेकडे झुकणारे आहे आणि आमच्या घरातच ते सर्वांना मान्य नाही. परंतु दोन्ही बाजूंना एक गोष्ट विचारावीशी वाटते. ज्या ग्रामसभेची एरवी गणपूर्ती होत नाही, तिचा होकार कितपत खरा आणि नकार तरी कितपत? सवय नसलेल्या हातात अचानक शस्त्र दिले की ते कोणीही हातातून काढून घेऊन वापरू शकते. नेते येतात, वाहिन्या येतात, दोन्ही बाजूंचे हितसंबंधी येतात आणि गाव नुसते पार्श्वभूमीला उभे राहते.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण या बाबतीत विचार करण्याजोगे आहे. तेथे ग्रामसभा बहुधा रविवारी भरतात आणि चांगल्या तापतात. २००७ च्या जानेवारीत तेथील शासनाला प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यावा लागला, तो लोकांनी नकाशे वाचले म्हणून. आपल्याकडेही मंडणगड तालुक्यातील वेळास आहेच. नाना फडणविसांचे हे गाव. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. जी अंडी पूर्वी उकरून नेली जात, ती गावकरीच राखू लागले, पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि येणाऱ्या पर्यटकांची राहण्या-जेवणाची व्यवस्था गावातील घरांनी वाटून घेतली. सिंधुदुर्गाने तर २०१६ मध्ये केंद्राच्या ग्रामीण स्वच्छतेच्या पाहणीत मैदानी जिल्ह्यांत पहिला क्रमांक मिळवला होता. तो शिपायांच्या झाडूने मिळालेला नव्हता. म्हणजे विषय आपला वाटला, आणि वेळ सोयीची मिळाली, की हीच माणसे काय करतात ते दिसते.

हे सारे भावाशी, सरपंचांशी आणि त्या वहिनींशी बोलत बोलत माझ्या ध्यानात येत गेले. २०२५ च्या जूनमध्ये किनाऱ्याच्या वाडीतील काही तरुणांनी विशेष ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला. त्यावर पहिली सही वहिनींची, दुसरी माझ्या चुलतभावाची. सरपंच नव्या दमाचे आहेत. ‘‘एवढा पावस पडता, सभेक येतला कोण?’’ असे म्हणतच त्यांनी तारीख दिली : जुलैचा शेवटचा रविवार, दुपारी तीन. सभागृह गळत होते म्हणून शाळेत.

त्या दिवशी कोकणातला पाऊस कोसळत होता. वर्गात बाके पुरली नाहीत. ग्रामसेवकांनी हजेरीपटाचे दुसरे पान काढले, मग तिसरे. सह्या एकशे छत्तीस झाल्या. त्यांत बायका निम्म्याहून अधिक. माझे नाव मतदारयादीत नसल्याने मी पडवीत, छत्र्यांच्या ढिगाजवळ बसलो होतो. सभा शांतपणे झाली असे मुळीच नाही. एक बागायतदार म्हणाले की वाट काढली तर समुद्र त्याच फटीतून आत येईल. त्यावर एका तांडेलाने फळ्यावर खडूने किनारा काढून, वारा आणि ओढ कोणत्या महिन्यात कुठून असते आणि वाट कुठे तिरपी ठेवली तर लाट आत येणार नाही, हे समजावले. त्याने सातवीनंतर शाळा सोडलेली आहे. अभियंत्यांच्या नकाशात त्या ओढीचा उल्लेख नव्हता.

दोन तिरप्या वाटा सोडाव्यात, आणि यापुढे किनाऱ्याशी संबंधित कोणताही विषय जून-जुलैतील विशेष ग्रामसभेपुढे मांडल्याखेरीज ठराव देऊ नये, असे दोन ठराव झाले. पहिल्याची प्रत संबंधित कार्यालयाकडे गेली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. दुसऱ्याला कोणाच्या उत्तराची गरज नव्हती. येत्या जूनची तारीख काय ठेवायची यासाठी सरपंचांनी वाडीत विचारणा सुरू केली आहे. रविवारी बाजार असतो, तेव्हा सोमवार बरा, असे बायकांचे म्हणणे पडले आहे.